जब्दी होडीतच राहिला

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, रविवारची उपासना संपत आली की कोणीतरी साक्ष द्यायला उठतं, आणि त्या साक्षीत एक वाक्य हटकून येतं: "प्रभूसाठी मी घरदार सोडलं." मागून हालेलुया होतं. वाक्य खरं असतं. बोलणाऱ्याचा गळा दाटलेला असतो, तोही खरा. पण ते ऐकताना माझं मन दर वेळी दुसरीकडे जातं. ते सोडलेलं घर आता कसं आहे? तिथे दिवेलागणीला कोण असतं? सोडणाऱ्याची साक्ष आम्ही ऐकतो. ज्यांना सोडलं त्यांना साक्ष द्या म्हणून कोणी उभं करत नाही.

मीही असाच बाहेर पडलेला. फोंडा तालुक्यात, देवळाकडे जाणाऱ्या वाटेवरच्या घरात थोरला मुलगा म्हणून वाढलो. नोकरीसाठी वास्कोला आलो, तिथे शास्त्र वाचायला लागलो, आणि पुढे बाप्तिस्मा घेतला. मला कोणी पैसे दिले नव्हते, नोकरीचं आमिष नव्हतं, कुठला आजारही बरा झाला नव्हता. येशूचं चरित्र सांगणारी शुभवर्तमानं वाचता वाचता येशू मला खरा वाटला, आणि खरा वाटल्यावर त्याच्यामागे न जाणं मला जमेना. यापलीकडे त्याला कारण नाही.

मत्तयाच्या दहाव्या अध्यायात येशू सांगतो, की जो आईबापांवर माझ्याहून अधिक प्रेम करतो तो मला योग्य नाही. मुलामुलींवर जो माझ्याहून अधिक प्रेम करतो तोही नाही. हे वचन मी मानतो. ते गुळगुळीत करून घेण्यासाठी हा लेख लिहीत नाही. उलट ते कडक आहे म्हणूनच मला त्याचा आधार वाटतो. माझ्या लहानपणी आमच्या परसात काम करायला एक बाई यायची. तिचा कप वेगळा होता. कान तुटलेला, निळी फुलं असलेला, गोठ्याच्या आडव्या वाशावर उपडा घालून ठेवलेला. चहा वरून ओतायचा, कपाला किटली लागू द्यायची नाही. मी आजीला विचारलं तर ती म्हणाली, आपल्या घरची ती रीत. आजी दुष्ट नव्हती. त्या बाईच्या मुलीच्या लग्नात तिने साडी आणि तांदूळ पाठवले होते. पण रितीच्या पुढे तिला काही दिसत नव्हतं, कारण घराच्या वरचं असं तिच्यासाठी काही उरलंच नव्हतं. देवसुद्धा घरचेच होते. मला त्या कपाला 'नाही' म्हणायचं बळ मिळालं ते येशूला घराच्या वर बसवल्यावर. घर हेच सगळ्यात वर असेल तर घराला कोण विचारणार?

तेव्हा क्रम ठरलेला आहे. माझं मन घुटमळतं ते पुढच्या भागात.

याकोब आणि योहान या शिष्यांना हाक आली तो प्रसंग शुभवर्तमानकार मार्क एका दमात सांगून टाकतो. दोघे होडीत जाळी नीट करत बसलेले, येशू बोलावतो, ते निघतात, आणि त्यांचा बाप जब्दी मजुरांबरोबर होडीत राहतो. मजुरांचा उल्लेख फक्त मार्क करतो. मत्तय आणि लूक करत नाहीत. वास्कोला खारीवाड्याच्या जेटीवर मी हे दृश्य जवळजवळ रोज पाहतो. म्हातारा रापणकार पाय पसरून, अंगठ्यात जाळ्याची दोरी अडकवून बसलेला असतो. बाजूला ओडिशातून आलेले दोन-तीन खलाशी मोबाइलवर गाणी लावून तेच काम करत असतात. मुलगा कुठे म्हणून विचारलं तर म्हातारा हनुवटीने समुद्राकडे दाखवतो. मुलगा बोटीवर असतो, नाहीतर लंडनला. मजूर आहेत म्हणून होडी चालते. बापाचं पोट अडत नाही. पण मजूर आहेत म्हणजे मुलगा आहे असं कोणी म्हणणार नाही.

जब्दी त्या वेळी काय म्हणाला, हे कोणीच लिहून ठेवलेलं नाही. त्याची बायको मात्र पुढे भेटते. मुलांसाठी येशूकडे उजव्या-डाव्या हाताची जागा मागायला येते ती तीच, आणि क्रुसापासून दूर उभ्या राहून पाहणाऱ्या बायकांमध्ये मत्तय तिला मोजतो. म्हणजे मुलं गेली आणि आई त्यांच्या पाठोपाठ गेली. पेत्राचंही तसंच. 'आम्ही सगळं सोडून तुझ्यामागे आलो' असं म्हणणाऱ्या पेत्राच्या घरी येशू जातो आणि तापाने पडलेल्या सासूला उठवतो. पौल तर करिंथकरांना लिहिताना सहज सांगून जातो, की पेत्र बायकोला बरोबर घेऊन फिरतो. ज्यांना सोडलं ती माणसं शुभवर्तमानात अशी मधूनमधून पुन्हा दिसत राहतात. जब्दी तेवढा दिसत नाही. माझे बाबा वारल्यापासून मला तो फार आठवतो.

गोव्यात बसून हे वचन वाचणं आणखी अवघड आहे. १५१० मध्ये पोर्तुगीज आले. १५५९ मध्ये राजाचा हुकूम निघाला, की हिंदूंची अनाथ मुलं जेजुइट पाद्रींच्या ताब्यात द्यायची आणि त्यांचा बाप्तिस्मा करायचा. पुढच्याच वर्षी इन्क्विझिशन, म्हणजे धर्माविरुद्ध वागणाऱ्यांना शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, सुरू झालं. मधली थोडी वर्षं सोडली तर ते १८१२ पर्यंत चाललं. कुठ्ठाळीचा मंगेश नदीपार प्रियोळला गेला, केळोशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली, आणि त्यांच्याबरोबर माणसंही गेली. सगळी मात्र गेली नाहीत. शेताभाटासाठी एक भाऊ मागे राहिला, ख्रिस्ती झाला, आणि दुसरा देव घेऊन निघून गेला अशी गोष्ट इकडे कितीतरी घराण्यांत सांगतात. वास्कोहून फोंड्याची बस कुठ्ठाळीवरून जाते. त्या बसमधून मी घरी जातो तेव्हा ज्या वाटेने माझे पूर्वज पळाले तीच वाट मी धरलेली असते.

बाप्तिस्म्याचं घरी सांगितलं त्या दिवशी आई रडली नाही. ती म्हणाली, "आमच्या माणसांनी देव डोक्यावर घेऊन नदी पार केली रे पुता. तुझ्यामागे कोण लागलं होतं?"

यावर मी काय बोलणार होतो? मामा मध्ये पडले आणि मोठ्याने बोलू लागले तेव्हा उलट बरं वाटलं, कारण मामांना उत्तरं देता येत होती.

तिच्या प्रश्नाने मला एक गोष्ट मात्र स्पष्ट दिसली, आणि मी ती आमच्या मंडळीतही बोलतो. 'आईबापांहून मी मोठा' असं येशू ज्याला म्हणाला तो ऐकणारा माणूस स्वतःच्या पायांनी त्याच्यामागे आलेला होता. ते वचन माणसाने स्वतःला लावायचं. दुसऱ्याच्या मुलाला ते लावायचा अधिकार राजाला नाही, पाद्रीला नाही, पाळकालाही नाही. १५५९ चा हुकूम हे येशूचं वचन अमलात आणणं नव्हतंच. नातेवाइकांच्या मांडीवरचं पोर सत्तेच्या जोरावर उचलणं होतं ते. त्याला झाकायला प्रभूच्या नावाचं पांघरूण वापरलं, हे आम्हा ख्रिस्ती माणसांना स्पष्ट बोलता आलं पाहिजे, निदान गोव्यात तरी. त्याच काळात गोव्यातल्याच साष्टीत फादर स्टीफन्स होता. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या या इंग्रज जेजुइटाने इथे राहून मराठी शिकून घेतली आणि ज्यांची जुनी पुराणं हिरावली गेली होती त्यांच्यासाठी ओवीत ख्रिस्तपुराण लिहिलं. अकरा हजारांच्या आसपास ओव्या. १६१६ मध्ये रायतूरला ते छापून निघालं. आई बोलते कोकणीत आणि पोथी वाचते मराठीत, आमच्याकडच्या बहुतेक घरांसारखीच. एकदा तिला मी त्यातला ख्रिस्तजन्माचा भाग वाचून दाखवला. ती वाती वळत होती. मध्येच म्हणाली, "चाल आपल्या हरिविजयासारखीच." पुढे वाच म्हणाली नाही, थांब म्हणूनही नाही. मी वाचत राहिलो.

आता चवथीचं, म्हणजे गणेश चतुर्थीचं, सांगतो, कारण गोव्यात कुटुंब म्हणजे काय ते चवथीला कळतं. मुंबईतला, दुबईतला, बोटीवरचा, जिथला असेल तिथला माणूस मूळ घरी येतो. भावाभावांत वर्षभर बोलणं नसलं तरी गणपतीच्या वर फळाफुलांची माटोळी बांधायला दोघेही शिडी धरतात. मी जातो. बाप्तिस्म्यानंतर पहिल्या वर्षी जाऊ की नको असं झालं होतं, पण गेलो, आणि तेव्हापासून जातोच. रानातून आणलेली कांगलां, आंबाडे, तोरिंग, सुपारीचे घोस दोरीला बांधायला मदत करतो, पाहुण्यांना पाणी देतो, मुलांना फटाके आणून देतो. पूजेला बसत नाही, आरतीला उभा राहत नाही. नैवेद्य दाखवलेलं खात नाही. मूर्तीपुढच्या अन्नाबद्दल पौलाने करिंथकरांना जे लिहिलंय ते वाचून कोणी वेगळा निर्णय घेईल. माझ्या सदसद्विवेकाने हा घेतला आहे, आणि मी तो पाळतो.

याचा अर्थ चवथीच्या दिवशी आईच्या घरात मी उपाशी. पहिल्या वर्षी तसंच झालं असतं. दुपारी आरती चालू असताना मी मागच्या दारी पायरीवर बसलो होतो. आरती संपायच्या आत आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि हळूच म्हणाली, "तुजें काडून दवरलां." तुझं काढून ठेवलंय. चुलीच्या वरच्या फळीवर स्टीलचा डबा होता, त्यावर केळीचं पान झाकलेलं. खतखतं, मुगागाठी, दोन नेवऱ्या, हळदीच्या पानातली एक पातोळी. देवाला ताट वाढायच्या आधी तिने ते बाजूला काढलं होतं.

आमच्या घरची रीत ज्यांना ठाऊक नाही त्यांना यातलं काही कळणार नाही. नैवेद्य दाखवल्याशिवाय त्या स्वयंपाकातला कण कोणी तोंडात टाकत नाही. चवही घेत नाहीत. मीठ अंदाजानेच घालायचं. आम्ही लहान असताना एकदा धाकट्याने कढईतली नेवरी उचलली, तर आईने सगळा घाणा बाजूला करून नवा केला होता. त्या बाईने माझ्यासाठी देवाच्या आधी वेगळं वाढून ठेवलं.

तो डबा मी मागच्या पायरीवर बसून खाल्ला. माझा नियम मी पाळला होता. तो पाळला गेला तो आईने तिचा मोडला म्हणून.

त्यानंतर 'मी प्रभूसाठी किंमत मोजली' असं वाक्य माझ्या साक्षीत आलेलं नाही. किंमत मोजली गेली हे खरं, पण ती बहुतेक दुसऱ्यांच्या खिशातून गेली. मला तर मिळालंच: मनाची शांती मिळाली, मंडळी मिळाली, आणि ज्याच्यावर विश्वास ठेवला तो प्रभू मिळाला. धाकट्या भावाचं पाहा. त्याची बोटीवर जायची तयारी चालली होती, त्यासाठी लागणारी सीडीसी, म्हणजे खलाशाची सरकारी नोंदवही, तीसुद्धा काढून झाली होती. मी पूजेला बसणार नाही हे नक्की झाल्यावर घरात देवाचं करायला कोण, असा प्रश्न आला. बाबांचे गुडघे गेलेले. तो राहिला. फोंड्याच्या बाजारात त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे, बरं चालतं, तक्रार करणाऱ्यांतला तो नाही. पण त्याने काही माझ्या प्रभूवर विश्वास ठेवला नव्हता, आणि तरी माझ्या विश्वासासाठी त्याने बोट सोडली. मी आज पुन्हा तोच निर्णय घेईन. मात्र त्या निर्णयाची गोष्ट सांगताना भावाला वगळून सांगणार नाही.

माझी बायको मिरजेची, जन्माने ख्रिस्ती. तिचे पणजोबा घरातले पहिले. त्यांची गोष्ट त्यांच्याकडे अभिमानाने सांगतात: रात्री विहिरीवरून कसे निघाले, भावांनी कसं मारलं, मिशनमध्ये कसे पोचले, पुढे शिक्षक कसे झाले. लग्नानंतर मी सहज विचारलं, त्यांच्या आईचं पुढे काय झालं? कोणालाच माहीत नव्हतं. नावही माहीत नव्हतं. वंशावळीच्या वहीत पणजोबांच्या वर कोरी जागा आहे. सासऱ्यांना त्या दिवशी फार लागलं. ते दोन सुट्ट्यांत गावी जाऊन आले, पण इतक्या वर्षांनी काय सापडणार?

म्हणूनच मला लक्ष्मीबाई टिळकांचे उपकार वाटतात. नारायण वामन टिळकांनी १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांची भजनं आम्ही अजून दर रविवारी म्हणतो, त्यांच्या श्रद्धेबद्दल मला शंका नाही. पण मागे राहिलेल्या बायकोवर त्या बातमीने काय कोसळलं, हे आपल्याला कळतं ते तिने 'स्मृतिचित्रे' लिहून ठेवली म्हणून. मूल पदरात, नातेवाइकांच्या आसऱ्याला, नवरा जिवंत असून नसल्यासारखा. काही वर्षं अशी गेली. मग त्या नगरला त्यांच्याजवळ राहायला आल्या, तरी आपलं सोवळं घेऊन आल्या. टिळकांनी त्यांना ओढलं नाही. जातीचा भेद माणसांनी केलेला आहे हे त्यांचं त्यांना पटलं तेव्हा त्यांनी तो टाकला, आणि त्यानंतर स्वतः बाप्तिस्मा घेतला. पुढे टिळकांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' त्यांनीच पूर्ण केलं. आमच्याकडे टिळकांचा दाखला 'घर सोडणारा' म्हणून देतात. मला त्या वाट पाहण्याच्या वर्षांचा दाखला जास्त मोठा वाटतो, दोन्हीकडून.

हे दुःख फक्त हिंदू घरांतलं आहे असं कोणी समजू नये. गोव्यात 'बिलिव्हर' हा शब्द, म्हणजे आमच्यासारख्या मंडळींत येणारा माणूस, कॅथलिक घरांतही तितक्याच कडवटपणे उच्चारला जातो. मुलगा रायतूरच्या सेमिनरीत गेला तर सगळा वाडा हरखतो. त्याची पहिली मिस्सा म्हणजे गावचा सण. तिथे श्रद्धेसाठी घर सोडणं हाच घराचा मान. बाणावलीत आजोळी जन्मलेल्या जुझे वाझ यांचं तेच झालं. १६८७ मध्ये ते मजुराच्या वेषात लंकेला गेले, १७११ मध्ये कँडीत वारले, पुन्हा गोव्यात आले नाहीत, आणि २०१५ मध्ये संत झाले तेव्हा सगळ्या गोव्याला ते आपल्या घरातले वाटले. पण तोच मुलगा बिलिव्हर झाला, घरची तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणायला बसेना, वाड्यावरच्या खुर्सापुढे, म्हणजे क्रुसापुढे, मेणबत्ती लावेना, की आई जेवण सोडते. आमच्या मंडळीत असे तरुण येतात. नव्या उत्साहात असतात. एकाने घरातली सायबिणीची, म्हणजे मरियामातेची, तसबीर काढून अडगळीत टाकली आणि येऊन मोठ्या धैर्याने केलं म्हणून सांगितलं. ती तसबीर त्याच्या आजीने बापाच्या आजारपणात नवसाची म्हणून आणलेली. मी त्याला म्हटलं, ती तुझी नव्हती. परत नेऊन लाव, आणि खिळा नीट बसव. तू तिच्यापुढे गुडघे टेकू नकोस, तुला तिथे कोणी धरून बसवलेलं नाही. त्याला ते आवडलं नाही. पुढचे काही रविवार तो आला नाही.

आपल्या लोकांनी तुटलेलं सांधायची स्वतःची एक तऱ्हा काढली. म्हापशाची मिलाग्रिस सायबीण ही शिरगावच्या लईराई देवीची बहीण असं लोक मानतात. एकीच्या उत्सवाला दुसरीकडून मोगऱ्याची फुलं येतात, दुसरीच्या फेस्ताला पहिलीकडून तेल जातं. माझ्या श्रद्धेत हे बसत नाही, मी ते मानत नाही. पण वेगळ्या झालेल्या भावंडांना पुन्हा एका अंगणात आणायला देवांनाच बहिणी करणाऱ्या त्या माणसांबद्दल मला माया वाटते. त्यांना कोणी शास्त्र विचारलं नव्हतं. राज्य बदललं, धर्म बदलला, तरी आपली माणसं परकी होऊ नयेत एवढं त्यांना कळत होतं.

बाबा बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, होते तेव्हाचं एक सांगतो. किडन्या गेल्या होत्या, डायलिसिस चालू होतं. रात्री वॉर्डात कोणीतरी लागायचं. भाऊ दुकान बंद करून येणार, मी वास्कोहून ड्युटी संपवून. दोघांचाही निभाव लागेना. मंडळीतल्या भावांनी न विचारता पाळ्या लावल्या. गोदीत काम करणारा एक, शाळेत शिपाई असलेला एक. बाबांची बेडपॅन त्यांनी काढली, पाठ चोळली, रक्त लागलं तेव्हा दिलं. मार्कात येशू सांगतो, की माझ्यासाठी घर, भाऊ, बहिणी सोडणाऱ्याला ते शंभरपटीने मिळतील, याच काळात. ते वचन मी तोवर माझ्यापुरतं समजत होतो. ते माझ्या बाबांच्या उशाशी बसलेलं पाहिलं. ज्या बाबांनी माझ्या बाप्तिस्म्यानंतर माझ्याशी वर्षभर नुसतं 'हो-नाही' एवढंच बोलणं ठेवलं होतं, ते शिपाईभावाला सकाळी विचारायचे, "घरी तुझ्या पोरांना कोण बघतं रे?"

ते गेले तेव्हा मंडळीतल्याच एका वडीलधाऱ्याने मला स्मशानात जाऊ नकोस म्हणून सांगितलं. "मेलेल्यांना आपल्या मेलेल्यांस पुरू दे, असं प्रभू म्हणाला आहे." वचन बरोबर होतं, लूकचा नववा अध्याय. पण त्याच लूकच्या सातव्या अध्यायात नाईन गावच्या वेशीवर एका विधवेच्या मुलाची तिरडी येते, आणि येशू पुढे होऊन तिला हात लावतो, मुलाला उठवतो आणि त्याच्या आईच्या हवाली करतो. क्रुसावर जीव जात असताना त्याने आईची सोय लावली, हिला आपल्या घरी ने म्हणून शिष्याला सांगितलं. आणि जे लोक 'हे देवाला वाहिलंय' असं म्हणून आईबापांना द्यायचं चुकवत होते त्यांच्यावर तो किती संतापला, ते मार्कच्या सातव्या अध्यायात आहे. देवाचं नाव पुढे करून आईबापांना टाळणाऱ्याला येशूने पाठीशी घातल्याचं एकही उदाहरण मला सापडलेलं नाही. नवव्या अध्यायातला, आधी बापाला पुरून येतो म्हणणारा, तो माणूस निघायला वेळ काढत होता. मी तर निघून कधीच झालो होतो.

मी खांदा दिला. अग्नी भावाने दिला. गावातल्या दोघा-तिघांनी कुजबुज केली, थोरला असून हा नुसता उभा, तेव्हा भाऊ त्यांच्याकडे न बघता म्हणाला, "त्याने रात्री काढल्यात. बाकीचं मी करतो." पिंडाला मी बसलो नाही. बाराव्यापर्यंत घरी राहिलो, येणाऱ्याजाणाऱ्यांचं पाहिलं, बाजारहाट केला, सगळ्यांबरोबर जमिनीवर झोपलो. माझे पाळक भेटायला आले आणि आईसमोर खाली बसून राहिले. प्रार्थना करू का, असं त्यांनी विचारलं नाही. आईनेच म्हटलं, "तुमच्या रितीने काय म्हणायचं ते म्हणा त्यांच्यासाठी." ते म्हणाले, "त्यांच्यासाठी देवाचे आभार मानतो," आणि मानले. आईने हात जोडले होते.

वाटणीचा विषय निघाला तेव्हा दोन्हीकडून सल्ले आले. मामांचं म्हणणं, देव सोडला त्याने घरही सोडावं. मंडळीतल्या एकाचं म्हणणं, कायदा तुझ्या बाजूने आहे, हिस्सा घे. कायदा खरंच होता. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या आणि आता २०१२ च्या वारसा कायद्याप्रमाणे आईबाप मनात आलं म्हणून मुलाला पूर्ण बेदखल करू शकत नाहीत. त्यांच्या मालमत्तेतला अर्धा भाग मुलांसाठी राखून ठेवावाच लागतो, आणि मुलगा कुठल्या देवाला मानतो याच्याशी त्याचा संबंध नाही. घराचं काही करायचं तर माझी सही हवी, आणि माझ्या बायकोचीही. घरचे मला परका म्हणोत, कागदावर मी आतलाच होतो. आम्ही दोघांनी फोंड्याला जाऊन घरातला माझा हिस्सा भावाच्या नावे लिहून दिला. भाटातला, म्हणजे बागायतीतला, वाटा ठेवला. घर भावाचं, कारण तिथले देव तो सांभाळतो आणि आईला तो सांभाळतो. आईच्या औषधांचा खर्च मी करतो, तो मात्र मी कोणाला वाटून देत नाही. आपल्या माणसांची जो काळजी घेत नाही तो विश्वास न ठेवणाऱ्यापेक्षा वाईट, असं पौलाने तीमथ्याला लिहिलं आहे. एवढी कडक ओळ पत्रात असताना आमच्या साक्षींतून ती कधी ऐकू येत नाही, याचं मला नवल वाटतं.

माझी मुलगी आता कॉलेजात आहे. मत्तयातल्या त्या वचनाचा दुसरा अर्धा भाग, मुलामुलींबद्दलचा, इतकी वर्षं मी वरवर वाचत होतो. आता तो माझ्याकडे बघतो. तिने अजून स्वतःहून विश्वास कबूल केलेला नाही. शास्त्र वाचते, प्रश्न विचारते, काही प्रश्नांची उत्तरं मला येत नाहीत. आजीवर तिचा भारी जीव. यंदा तिने विचारलं, चवथीला पाचही दिवस आजीकडे राहू का? बायको गप्प झाली. तिच्या पणजोबांनी जे सोडलं त्यात पोर परत जातेय की काय, अशी भीती तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट होती, आणि ती भीती खोटी नाही. रात्री आम्ही दोघं खूप वेळ बोललो, प्रार्थना केली. मी काय धरून ठेवू शकतो? प्रभू मुलीच्या वर आहे म्हणजे मुलगी त्याच्या हातात आहे, माझ्या हातात नाही. १५५९ च्या हुकमाला मी जे म्हणतो ते माझ्या घरात मला लागू आहेच.

सकाळी तिला जा म्हणून सांगितलं. नैवेद्याचं खायचं की आजीकडून आधी काढून घ्यायचं, आरतीला उभं राहायचं की मागच्या दारी बसायचं, हे तिचं तिने ठरवायचं. तिने विचारलं, "पप्पा, तुम्ही काय करता आणि का करता?" ते मी तिला सांगितलं, वचनं काढून दाखवली, आणि मग आजीने पहिल्या वर्षी काय केलं होतं तेही सांगितलं. ते तिला माहीत नव्हतं. तिने लगेच आजीला फोन लावला.